अर्धा चमचा

आमचं मेडिकल सांगलीत, विश्रामबागला. डीफार्म करून काउंटरला उभं राहिलो त्याला आता एकोणीस वर्षं झाली आणि या एकोणीस वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "काहीतरी द्या की". डोकं दुखतंय, काहीतरी द्या. पोराला जुलाब लागलेत, काहीतरी द्या. आणि आपण पण देतो, खोटं कशाला बोलू. डॉक्टरकडं गेलं की तीन-चारशे रुपये आणि दोन तास, आमच्याकडं वीस रुपये आणि दोन मिनिटं, माणूस येणारच.

मागच्या पावसाळ्यातला रविवार. सकाळी साडेदहाला पलीकडच्या गल्लीतल्या काकू आल्या, त्यांची बीपीची गोळी दर महिन्याला माझ्याकडूनच जाते. पट्टी पिशवीत टाकता टाकता म्हणाल्या, आमची चिंगी कालपासून काही खाईना बघा, अंग नुसतं तापलंय, आज जनावरांचा दवाखाना बंद, काहीतरी द्या. चिंगी म्हणजे मांजर हे मला ठाऊक होतं, दर महिन्याला तिची काही ना काही बातमी मिळायचीच. मी म्हणलं, लहान पोरांचं तापाचं सिरप देतो, अर्धा चमचा पाजा, नाही उतरला ताप तर दुपारी परत अर्धा. झालं. वीस सेकंद लागली असतील सगळ्याला. मागं एक गिऱ्हाईक इन्सुलिनसाठी उभं होतं, मी फ्रिजकडं वळलो सुद्धा. बिल पण नाही केलं, सुटे पैसे होते त्यांच्याकडं.

माझ्या डोक्यात हिशोब असा, की मांजर म्हणजे तीन-चार किलोचं तान्हं बाळ, बाळाला चालतं ते मांजराला चालणार. आणि पॅरासिटामॉल म्हणजे काय हो, कोविडमध्ये तर आम्ही खोक्यांनी विकलं. आता लिहिताना लाज वाटते कारण तीन-चार किलोचं खरं बाळ घेऊन कोणी आलं असतं तर मी सिरपला हातच लावला नसता, सरळ बालरोगतज्ज्ञाकडं पिटाळलं असतं.

रविवारी दुपारी बंद ठेवतो, संध्याकाळी सातला उघडतो. नऊ वाजायला आले असतील, बाहेर पाऊस धो धो, आणि काकूंचा मुलगा आला, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो. एन-ॲसिटिलसिस्टीन इंजेक्शन आणि खाली व्हिटॅमिन सी इंजेक्शन. आता हे एनएसी आम्ही विकतो ते 600 च्या विरघळणाऱ्या गोळ्या, छातीतला कफ पातळ व्हायला. इंजेक्शन मात्र कोणी मागत नाही, ते लागतं कशाला तर पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झाला तर त्याचा उतारा म्हणून, हे आम्हाला पहिल्याच वर्षी पाठ करायला लावलेलं. त्यामुळं मी एकदम घाबरून विचारलं, कोणी गोळ्या खाल्ल्या का घरात? आई कुठंय?

तो म्हणाला, नाही ओ, मांजराला पाहिजे.

मग माझ्या पोटात जे खड्डा पडल्यासारखं झालं ते अजून आठवतंय. म्हणजे बघा, उतारा काय ते मला पाठ होतं आणि विष मीच पुड्यात बांधून दिलं होतं. आणि अजून एक सांगतो, ते पण लिहायलाच पाहिजे, की पहिला विचार चिंगीचा नाही आला. पहिला विचार आला बिल केलं नव्हतं. मुलाला बहुतेक माहीत नव्हतं सिरप कुठून आलं ते, तो घाईत होता, मी गप्प बसलो.

इंजेक्शन माझ्याकडं नव्हतंच. चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला, डॉक्टर मॅडम फोनवरच, मागं कसला तरी सूं आवाज, ऑक्सिजनचा असणार. मी म्हणलं मॅडम 600 च्या गोळ्या आहेत, पाठवू का? त्या म्हणाल्या एरवी तोंडानं पण देता येतं पण आत्ता तिला धाप लागलीय, लाळ गळतेय, नळी घालताना छातीत गेलं तर संपलंच, इंजेक्शन बघा, लवकर बघा. माझ्या ओळखीच्या तीन दुकानांना फोन केले. नाही, नाही, उद्या मागवतो. मग मिरजेतल्या मोठ्या दवाखान्यासमोर रात्रभर चालू असणारं एक मेडिकल आहे तिथं विचारलं, तो म्हणाला 2 एमएलचे ॲम्प्युल आहेत, किती पाहिजेत. मिरजेचं बरंय, माणसांसाठी का होईना, मिळतं सगळं. मी म्हणलं दहा काढून ठेव. मुलाला व्हिटॅमिन सीचे ॲम्प्युल देऊन दवाखान्यात परत पाठवला, शटर निम्मं ओढून दुकानातल्या पोराला काउंटरला बसवलं आणि गाडी काढली. मिरज रोडला त्या पावसात समोरच्या गाडीचा लाल दिवा सोडला तर काही दिसत नव्हतं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. मॅडम तिशीच्या असतील, रविवार असून फोनवर उघडून बसलेल्या. टेबलावर चिंगी. मी तिला एरवी काकूंच्या गॅलरीत बघितलेलं, चांगली गोलमटोल पांढरी-पिवळी. आता तोंड असं सुजलेलं की गालगुंड झालेल्या पोरासारखं, डोळ्यांच्या नुसत्या फटी, पुढचे दोन्ही पंजे टम्म. मॅडमनी तिचा ओठ वर केला, हिरड्या गुलाबी असतात ना, त्या मातकट निळसर. टेबलाच्या कडेला टिश्यू पेपर होता, त्यावर रक्ताचे दोन थेंब शेजारी शेजारी. एक लाल, तो दवाखान्यात राहणाऱ्या त्यांच्या कुत्र्याचा, मुद्दाम काढलेला, तुलनेला. दुसरा चिंगीचा, पानाला लावायचा कात असतो ना, अगदी तो रंग. उघड्यावर ठेवून पण लाल व्हायला तयार नाही. मॅडम म्हणाल्या, रक्त आहे पण ऑक्सिजन उचलत नाही, मेथहिमोग्लोबिन झालंय सगळं.

मी आणलेल्या इंजेक्शनमधलं मॅडमनी 2.4 एमएल मोजून घेतलं, डेक्स्ट्रोज घालून पातळ केलं आणि शिरेतून सावकाश सोडायला सुरुवात केली. वजन 3.4 किलो, किलोला 140 मिलिग्रॅम पहिला डोस, मग दर सहा तासांनी 70 च्या हिशोबानं सात डोस. हे सगळं मॅडम काम करता करता बोलत होत्या, मला फार्मासिस्ट म्हणून सांगत होत्या, आणि मी मान हलवत होतो.

मग काकू बाहेरच्या बाकड्यावरून उठून आत आल्या, मला बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, अगं बाई, तुम्ही पण आलात? यांनीच तर दिलं होतं औषध.

ओरडल्या नाहीत, उलट आपला माणूस धावून आला अशा सुरात. तेच जास्त लागलं. मॅडमनी मान वर करून बघितलं माझ्याकडं. मी म्हणलं हो, मी दिलं, 5 एमएलमध्ये 250 वालं, अर्धा चमचा, दोनदा. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, म्हणाल्या म्हणजे अडीचशे मिलिग्रॅम पोटात, किलोला सत्तरच्या वर. मी विचारलं, मग मांजराला किती चालतं? त्या म्हणाल्या, चालतच नाही. मांजराला सेफ डोस असा नाहीच याचा, किलोला 10 मिलिग्रॅमवर पण त्रास झालेला आहे. आपलं लिव्हर हे औषध ज्या रस्त्यानं बाहेर काढतं तो रस्ता मांजराला जवळजवळ नाहीच, त्यासाठी लागणारं एन्झाइमच कमी, मग ते दुसऱ्या वाटेनं जातं आणि त्यातून जे तयार होतं ते तांबड्या पेशींवरच उठतं. मांजराच्या पेशी त्या बाबतीत मुळातच नाजूक. मग काकूंना विचारलं, हिला कांदा-लसणाचं काही घालत नाही ना, रस्सा वगैरे? त्याचं पण असंच होतं. काकूंनी मुलाकडं बघितलं, मुलानं खाली बघितलं, रविवारच्या मटणाचा रस्सा चिंगीला आवडतो म्हणे.

वाईट याचं वाटलं की असं काहीतरी मला आधीपासून माहीत असायला पाहिजे होतं. डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाचं प्रकरण आम्हाला तोंडपाठ, जनावरांना देतात आणि मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून 2006 ला ते जनावरांसाठी बंद झालं, पुढं 2015 ला माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटली पण बंद करून 3 एमएलवर आणली कारण लोक तीच म्हशीला टोचत होते. म्हणजे एका जिवाचं औषध दुसऱ्याला विष होतं हे मी काउंटरवर उभा राहून पोरांना शिकवलेलं आहे. मांजर त्यात बसतं हे डोक्यातच आलं नाही.

आणि खरी गंमत, गंमत म्हणायची का माहीत नाही, ती पुढंच आहे. मॅडमनी थर्मामीटर लावला होता, चिंगीला ताप नव्हताच. मांजराचं नॉर्मल तापमानच 101-102 फॅरनहाइट असतं, माणसाच्या हाताला ती कायम गरमच लागणार. काकूंनी कानाला हात लावला, पोटाला हात लावला, झाला ताप. खात का नव्हती तर मागची एक दाढ खराब होऊन हिरडी सुजली होती. दाढ दुखत होती म्हणून उपाशी, उपाशी म्हणून मलूल, आणि मलूल म्हणून माझा अर्धा चमचा.

पहिला डोस जाऊन तासभर झाला तरी फरक काही दिसेना. मी घरी फोन करून सांगितलं उशीर होईल, का ते सांगितलं नाही. बाराच्या सुमाराला ती एकदा मुतली, टेबलावरच, आणि ते कोऱ्या चहासारखं. मॅडम म्हणाल्या हे दिसणारच, चोवीस तास गेल्याशिवाय मी काही बोलणार नाही. पहाटे चारच्या डोसला मी गेलो नाही, झोप पण लागली नाही. सकाळी दहाला गेलो तेव्हा सूज तशीच पण जीभ जरा तांबूस वाटली, का मलाच तसं बघायचं होतं देव जाणे. सोमवारी रात्री मात्र तिनं मॅडमच्या असिस्टंटला फिस्कारलं, पंजा पण मारला, आणि तो हातावरचा ओरखडा सगळ्यांना दाखवत फिरत होता. मंगळवारी दुपारी चारला शेवटचं इंजेक्शन झालं, गुरुवारी घरी सोडली. दाढ महिन्यानं काढली, रक्त भरून आल्यावर. दवाखान्याचं बिल मी देतो म्हणलं तर काकूंचा मुलगा निम्म्यावर आला, जास्त घेईना.

आता मांजर-कुत्र्याला काहीतरी द्या म्हणून कोणी आलं की मी मॅडमचा नंबर देतो. लोक चिडतात. एक जण म्हणाला साधी तापाची गोळी मागतोय, एवढा काय भाव खाता, आणि शेजारच्या दुकानात गेला, तिथं त्याला मिळाली. मी मागून जाऊन सांगितलं, तर शेजारचा माझ्यावरच भडकला, माझं गिऱ्हाईक फोडतोस म्हणून.

काकू पुढच्या महिन्यात बीपीच्या गोळीला आल्या. पट्टी घेतली, पिशवीतनं सिरपची बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. पाच एमएल गेलेली, बाकी भरलेली. म्हणाल्या, आमच्यात लहान मूल कोणी नाही, हे परत घ्या. माझ्या डोक्यावरच पाटी आहे, उघडलेलं औषध परत घेतलं जाणार नाही. मी गपचूप गल्ल्यातनं पूर्ण पैसे काढून दिले. त्यांनी मोजून घेतले.