स्क्रीनवर 'बंद', सर्व्हरवर चालूच

मी पुण्यात बसून एका अमेरिकी रिटेल कंपनीच्या वेबसाइटचं टेस्टिंग करते. मध्यंतरी दिसायला किरकोळ असं एक काम आलं. ग्राहकाच्या ब्राउझरकडून 'ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल'चा, म्हणजे 'माझी माहिती विकू किंवा वाटू नका' असा सिग्नल आला, तर त्याची माहिती जाहिरात कंपन्यांना जाता कामा नये, एवढं तपासायचं होतं.

हा सिग्नल म्हणजे साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टसोबतचा 'सेक-जीपीसी' नावाचा हेडर, म्हणजे एक छोटी नोंद, आणि त्यात फक्त १. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये तो आधीपासूनच चालू असतो, फायरफॉक्समध्ये सेटिंगमध्ये जाऊन टिक करावी लागते. आधीच्या 'डू नॉट ट्रॅक' या अशाच सिग्नलला कायद्याचं पाठबळ नव्हतं, म्हणून बहुतेक साइट्सनी त्याला धूप घातली नाही. या वेळी तसं नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी सेफोरा या सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीवर कारवाई केली, तेव्हा हा सिग्नल न पाळणं हाही एक आरोप होता. तडजोड १२ लाख डॉलरवर झाली.

आमच्या साइटवर सिग्नल पाठवला की 'तुमची विनंती मान्य केली आहे' अशी पट्टी येत होती. तेवढ्याच स्क्रीनशॉटवर टेस्ट पास झाली होती आणि क्लायंटच्या सल्लागारानंही तोच स्क्रीनशॉट अहवालात लावला होता. स्क्रीनशॉटला पुरावा मानायची ही सवय आमच्या धंद्यात फार बोकाळली आहे.

ब्राउझर कुठे काय पाठवतो हे दाखवणारा नेटवर्क टॅब मी उघडून बसले. ब्राउझरमधून जाहिरात कंपन्यांचा एकही पिक्सेल, म्हणजे माग काढणारा कोड, काही पाठवत नव्हता. मग टेस्ट ऑर्डर टाकली आणि बॅकएंडच्या, म्हणजे सर्व्हरचं काम पाहणाऱ्या मुलाकडून सर्व्हरचे लॉग (नोंदी) मागवले. ऑर्डर पक्की होताच सर्व्हर स्वतःच जाहिरात कंपनीच्या एपीआयला (माहिती घेणाऱ्या तिच्या सिस्टीमला) हॅश केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेला ईमेल, फोन आणि बिलाची रक्कम पाठवत होता. कारण सापडायला वेळ लागला, पण ते साधं होतं. ऑर्डर आधी क्यूमध्ये, म्हणजे पुढच्या सर्व्हिससाठीच्या रांगेत जाते आणि क्यूमधल्या मेसेजमध्ये हेडर येतच नाही. ग्राहकानं 'नको' म्हटलंय, हे पुढच्या सर्व्हिसला कळायला मार्गच नव्हता. ग्राहकानं आपल्या लॅपटॉपवर काहीही तपासलं तरी त्याला हे दिसणार नाही. तो पट्टीवरच विश्वास ठेवणार.

डिफेक्ट टाकला, सेव्हरिटी वन, म्हणजे सगळ्यात गंभीर. तो दुरुस्त झाला, आणि मुलांनी काम चोख केलं. क्यूच्या मेसेजमध्ये नवीन फील्ड आलं आणि लॉग-इन केलेल्या ग्राहकाच्या प्रोफाइलवरही खूण साठू लागली.

खटकलं ते पुढचं. क्लायंटच्या मार्केटिंगनं सांगितलं की सिग्नल फक्त कायदा असलेल्या राज्यांपुरताच पाळायचा: कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, कनेटिकट, टेक्सास वगैरे. सगळ्यांसाठी पाळायला एक अट पुरली असती. काहींना वगळण्यासाठी मात्र आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) राज्य ओळखणारी सर्व्हिस जोडली, यादी केली, तिच्या टेस्ट लिहिल्या. जास्त मेहनत केली, ती नकार न ऐकण्यासाठी. शिवाय कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या रहिवाशाला लागू होतो, आयपीला नाही. तिथली बाई अॅरिझोनाच्या हॉटेलातून खरेदी करत असेल तर तिचं काय? हे मी लेखी विचारलं. "मॅडम, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण रिक्वायरमेंट हीच आहे," असं आमच्या टीमचे लीड म्हणाले. माझं तिकीट (तक्रारीची नोंद) 'अॅज डिझाइन्ड', म्हणजे 'ठरवलं तसंच आहे' म्हणून बंद झालं.

माझ्या फायरफॉक्समध्येही ती टिक आहे. पुण्याच्या आयपीवरून आलेला माझा १ तीच सिस्टीम वाचते आणि सोडून देते. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अशा सिग्नलचा उल्लेखच नाही, त्यामुळे विचारायची सोयही नाही.

१ जानेवारी २०२७ पासून कॅलिफोर्नियात ब्राउझरनाच ही सोय द्यावी लागणार आहे, म्हणजे सिग्नल पाठवणारे कितीतरी वाढतील. नवीन राज्यात कायदा लागू झाला की यादीत एक नाव घालायचं तिकीट येतं. तेही मीच तपासते, आणि प्रत्येक वेळी शेऱ्यात लिहिते की यादी काढून टाका.