पिकलीजचा प्रश्न

काल न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुशला, नेहमीच्या हैतियन खाणावळीत जेवण उत्तम झाले, तरी परतताना मन खट्टू होते आणि आज सकाळीही ते तसेच आहे. कारण सांगायला संकोच वाटावा इतके किरकोळ आहे. गल्ल्यावर नेहमीच्या मावशी नव्हत्या, नवी मुलगी होती. तिने ग्रियो, म्हणजे तळलेले डुकराचे मांस, वाढले, शेजारी कच्च्या केळ्यांचे दोनदा तळलेले चपटे काप ठेवले आणि पिकलीज या लोणच्याचा चमचा हवेत तसाच धरून विचारले, "हे तिखट असते, चालेल ना?"

मला चालेल ना! व्हिनेगरमध्ये मुरलेला तो कोबी, ते गाजर आणि त्यातली ती स्कॉच बॉनेट मिरची यांच्यासाठीच तर मी दोन नंबरच्या गाडीने न्यूकर्क अव्हेन्यूला उतरते; २०२१ मध्ये त्या स्थानकाच्या नावाला 'लिटल हैती' जोडले गेले, त्याच्याही आधीपासून उतरते. आंबट संत्र्याच्या रसात मुरवून, शिजवून मग तळलेले ते डुकराचे मांस पिकलीजवाचून घशाखाली उतरत नाही, हे मला कोणी शिकवावे लागत नाही. मी "हो" म्हटले, पण ते जरा जास्तच जोरात म्हटले असावे.

खरे तर दोष मावशींचा आहे. १ जानेवारीला, १८०४ सालच्या स्वातंत्र्याची आठवण म्हणून हैतीची माणसे घरोघरी लाल भोपळ्याचे सूप करतात; त्या दिवशी मावशींनी काही न विचारता माझ्यापुढे सूप जुमूचा वाडगा ठेवला होता आणि तेव्हापासून मी स्वतःला त्या घरची समजू लागले. आईनंतर असे न विचारता कोणी वाढले नव्हते. असो.

भात मात्र काल फारच चांगला जमला होता. वाळलेली जोन-जोन अळंबी भिजवून गाळून घेतात आणि त्या काळ्या पाण्यात भात शिजवतात. शिते करडी-काळी, मोकळी, अधूनमधून फिकट वाल आणि घास संपता संपता जिभेवर येणारी लवंग. इतके सुग्रास अन्न समोर असताना मी वरमाईसारखी रुसून बसले होते. अमेयला हे सांगितले असते तर तो काय म्हणाला असता, ते लिहिण्याची गरज नाही.

तेवढ्यात माझ्यामागून आलेल्या आजोबांपुढेही त्या मुलीने तसाच चमचा धरला. ते तिच्याशी क्रेयोलमध्ये, हैतीच्या भाषेत, बोलत होते, म्हणजे तिथलेच असणार. तरीही तिने विचारलेच आणि त्यांनी पोटावर हात ठेवून मान हलवली. म्हणजे ती सगळ्यांनाच विचारत होती. हे कळल्यावर हायसे वाटायला हवे होते, परंतु उलट थोडे अधिकच लागले, कारण एवढा जपून ठेवलेला अपमानही माझ्या एकटीचा निघाला नाही. मग मात्र हसू आले आणि मी उठून आणखी पिकलीज मागितले. या खेपेस तिने काही विचारले नाही. फक्त त्याचे वेगळे पैसे लावले.

पुढच्या रविवारी जावे की नाही, याचा विचार जायचे नक्की झाल्यावर करीन.