तुम्ही विचारलंत म्हणून: ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांबद्दल

‘तुमचं संशोधन आर्थिक साक्षरतेवर, मग वर्गात प्रत्येकाला सामावून घेण्याचा एवढा आग्रह कुठून आला?’ हा प्रश्न सहकारी विचारतात, विद्यार्थीही विचारतात. त्यांना या दोन वेगळ्या वाटा वाटतात. माझ्यासाठी दुसरी वाट पहिलीतूनच फुटली.

या विषयातले तीन प्रश्न अनेक देशांत वापरले जातात. अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल यांनी ते तयार केले आणि २००४ मध्ये अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांच्या एका पाहणीत विचारले. पहिला असा: खात्यात १०० डॉलर आहेत, व्याज वर्षाला २ टक्के. पाच वर्षं हात लावला नाही तर १०२ डॉलरपेक्षा जास्त होतील, नेमके १०२, की कमी? चक्रवाढीने ११०.४१ होतात, पण एवढा हिशेब करायची गरजच नाही. १०२ तर पहिल्याच वर्षी होतात, हे लक्षात आलं की झालं. उरलेले दोन प्रश्न महागाईबद्दल आणि जोखीम विभागण्याबद्दल, म्हणजे सगळा पैसा एकाच ठिकाणी न गुंतवण्याबद्दल. ‘माहीत नाही’ असंही उत्तर देता येतं, आणि देशोदेशी ते पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त देतात.

स्त्रियांना पैशातलं कमी कळतं, असा अर्थ यातून सहज काढता येतो. पण नेदरलँड्समध्ये संशोधकांनी त्याच माणसांना तेच प्रश्न काही आठवड्यांनी पुन्हा विचारले, आणि या वेळी ‘माहीत नाही’ हा पर्याय काढून टाकला. आधी ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींनी बरोबर उत्तर दिलं! २०२१ मध्ये मांडलेल्या या अभ्यासानुसार स्त्री-पुरुषांमधल्या तफावतीपैकी सुमारे एक तृतीयांश भाग आत्मविश्वासाच्या कमतरतेमुळे होता. (बाकीची तफावत उरतेच, आणि ती नाकारून कुणाचं भलं होणार नाही.)

वर्गात गप्प बसणाऱ्यांबद्दल हेच खरं असणार, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून प्रश्न विचारल्यावर मी लगेच हात वर करायला सांगत नाही. आधी प्रत्येकाने उत्तर कागदावर लिहायचं, शेजाऱ्याला दाखवायचं, मग बोलायचं. एवढ्यानेही बोलणारे बदलतात. चक्रवाढीचा आलेख मी शब्दांत सांगते: ‘रेषा आधी जवळजवळ आडवी चालते, मग हळूहळू वर वळते आणि शेवटच्या वर्षांत झपाट्याने चढते.’ हे सुरू केलं ते आलेख पाहू न शकणाऱ्यांसाठी. पण पाहू शकणाऱ्यांनाही तो वाचायला तेव्हाच जमतो, हे दर वेळी दिसतं. टिपणं आदल्या दिवशी देणं, व्हिडिओला सबटायटल असणं, हे तर आता गृहीतच धरायला हवं.

खरा प्रश्न उदाहरणांचा आहे. दरमहा पगार, त्यातून बचत, मग गुंतवणूक, अशी पुस्तकातली ठरलेली गोष्ट. ज्यांच्या घरी पैसा कधी येईल याचा नेम नसतो, ज्यांनी व्याज पाहिलंय ते फक्त देण्याचं, त्यांना त्यात जागाच नाही. म्हणून मी सुरुवात कर्जापासून करते. २४ टक्के व्याजाचं कर्ज फेडलंच नाही, तर दुप्पट कधी होईल? ७२ ला व्याजदराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं अंदाजे कळतात; इथे ७२ ला २४ ने भागायचं: साधारण तीन वर्षांत. बचतीच्या धड्याला मान खाली घालून बसलेली मुलं इथे पटकन बोलू लागतात, आणि अंदाजही चांगले बांधतात. मात्र स्वतःच्या घरचा हिशेब सांगायला मी कुणालाही लावत नाही. वर्गासमोर गरिबी मांडायला लावणं हा अन्याय आहे. उदाहरणातलं कुटुंब नेहमी काल्पनिक असतं.

परीक्षेत पारिभाषिक शब्दांची यादी प्रश्नपत्रिकेसोबत देते. यामुळे दर्जा घसरतो, असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. गणित तेवढंच अवघड राहतं, फक्त पाठांतराचा अडथळा दूर होतो.

आता माझ्या प्रश्नावलीतही ‘माहीत नाही’ हे उत्तर असतं, कारण खरंच माहीत नसणाऱ्याला तसं म्हणता आलं पाहिजे. पण त्याखाली लगेच दुसरा प्रश्न येतो: ‘अंदाजाने सांगायचं झालं, तर काय सांगाल?’ आणि त्यानंतर तिसरा: ‘या उत्तराची तुम्हाला किती खात्री आहे?’ या तिन्ही उत्तरांची नोंद मी वेगवेगळी ठेवते.