टीसीएल टाकून धुवा

वणी तालुक्यातल्या या गावात माझ्या दवाखान्याला सगळे ढोराचा दवाखाना म्हणतात. दिवसभर गाई, बैल, बकऱ्या. पाखरू घेऊन कोणी येत नाही. दिवाळीच्या चार दिवस आधी सकाळी एक माणूस ओढणी बांधलेली टोपली उराशी धरून पायऱ्या चढला, मागे त्याचं दहा-बारा वर्षांचं पोरगं. टोपलीत काय आहे ते कळायच्या आधी मी माणूस ओळखला. आठवडाभरापूर्वी त्यानेच मला फोन केला होता.

ओढणी सोडली. आत आठ झेब्रा फिंच. तीन मरून पडलेली. बाकीची पाच पिसं फुगवून, चोच उघडी टाकून बसलेली आणि दर श्वासाला शेपटी वरखाली. पाखराची शेपटी अशी हलू लागली की समजायचं, श्वास ओढायला त्याला सगळं अंग लावावं लागतंय.

"काय झालं?"

"दिवाळीची सफाई काढली न जी मॅडम. पिंजरा धुतला, अन् अर्ध्या घंट्यात हे असं."

"कशाने धुतला?"

उत्तर फाटकापासून आलं. त्याची बायको तिथे पदर तोंडाला लावून खोकत उभी होती. "तुमीच सांगतलं होतं न, टीसीएल टाकून धुवा म्हनून."

सांगितलं होतं. त्या दिवशी मी एका गोठ्यात होते, गाईचं वासरू अडलं होतं, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. पिंजऱ्याला वास येतो, काय करू, एवढंच त्याने विचारलं. "टीसीएल टाकून धुवा," म्हटलं आणि फोन ठेवला. किती टाकायचं, पाखरं कुठे ठेवायची, कशात मिसळायचं नाही, यातलं काहीच बोलले नाही.

टीसीएल म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लिचिंग पावडर. १००० लिटर पाण्याला साधारण २.५ ग्रॅम पुरते. बाईने अर्ध्या बादलीत मूठभर टाकली. तरी विष्ठेचे पांढरे डाग निघेनात, म्हणून वरून संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. "फसफसलं न जी, पिवळा धूर निघाला, डोळे चुरचुरले." तो क्लोरीन वायू होता. पाखरं न्हाणीच्या दारातच जमिनीवर, याच टोपलीत ठेवलेली. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, तो खालीच साचतो.

माझं सगळं लक्ष टोपलीत होतं. तिचा खोकला कानावर पडत होता, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे लालभडक, आवाज बसलेला. म्हटलं, ताई, आधी तुम्ही ग्रामीण रुग्णालयात जा. "मले काय होते, पाखरं पाहा तुमी." मी ऐकलं नाही. असा वायू ओढल्यावर माणूस बरा दिसतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं. शेजारच्या ऑटोत बसवून नवऱ्याबरोबर पाठवलं. तिथे तिला रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं, सकाळी ती चालत घरी आली.

पाखरांसाठी माझ्याकडे उतारा नव्हता. क्लोरीनवर तो नसतोच. टोपली ओसरीत मोकळ्या हवेत ठेवली, एका बाजूला ऊब मिळेल असा बल्ब लावला, चोचीत कोणी पाणी घालू नये म्हणून पोराला राखणीला बसवलं. दुपारपर्यंत आणखी दोन गेली. पोरगं रडत नव्हतं, एकेकाला तळहातावर घेऊन बघत होतं. "मॅडम, मी पण तिथंच होतो. मले काऊन नाई झालं?"

त्याला सांगितलं, तू उभा होतास, हे खाली होते. शिवाय याचं वजन जेमतेम १२ ग्रॅम. फुप्फुसांखेरीज याला हवेच्या पिशव्या असतात, आणि ताजी हवा फुप्फुसातून एकाच दिशेने सतत वाहत राहते. आपल्यापेक्षा कितीतरी चांगला श्वास घेतं म्हणूनच विषही आधी यालाच भिनतं. संध्याकाळी बाप परतला. तो कोळसा खाणीत कामाला आहे. ब्रिटनमधल्या खाणींत विषारी वायू कळावा म्हणून १९८६ पर्यंत पिंजऱ्यात कॅनरी पाखरं नेत, हे सांगितल्यावर तो बराच वेळ टोपलीकडे पाहत राहिला.

दिवाळी झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. जुन्या पिंजऱ्याच्या तारेवरचा जस्ताचा थर अ‍ॅसिडने खाल्ला होता. ती तार चोचीने कुरतडली तर जस्त पोटात जातं, म्हणून तो टाकायला लावला. नवा आणलेला होता. बाईने तिन्ही पाखरं मागच्या खोलीत नेली, दार लावलं, माझ्यासमोर येऊन बसली. "आता पुरं सांगा."

पुरं सांगितलं. तळाशी वर्तमानपत्र घालायचं आणि ते रोज बदलायचं, पाण्याची वाटी रोज घासायची. वाळलेली विष्ठा कधीच कोरडी झाडायची नाही, ती धूळ पाखरांच्या आणि आपल्याही छातीत जाते. आधी पाणी शिंपडून भिजू द्यायची, नाकाला फडकं बांधायचं. मग गरम पाणी, थोडा भांड्यांचा साबण, ब्रश. दांड्या लाकडी असतात, त्या ओल शोषतात, म्हणून दिवसभर उन्हात. फिनाइल नाही, डांबरगोळ्या नाहीत, कपाशीच्या पंपातलं तर काहीच नाही. आजार पसरला तरच टीसीएल, तेही मला विचारून, पाखरं दुसऱ्या खोलीत ठेवून, कशातही न मिसळता, आणि नंतर वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं.

मग तिने स्वतः नवा पिंजरा धुतला. दुपारच्या उन्हात तो वाळला. पाखरं आणायच्या आधी तिने तारेला नाक लावून वास घेतला, आणि पिंजरा माझ्यापुढे धरला. मीही घेतला. कसलाच वास नव्हता.