ते तर आधीच ख्रिस्ती होते

मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशातल्या एका खेड्यात मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वैद्यकीय पथकाबरोबर गेले होते हे कळले की पुण्यातले स्नेही विचारतात, "धर्मांतर करायला गेला होतात का?" आणि ह्यूस्टनच्या आमच्या मंडळीतले लोक विचारतात, "किती जणांनी प्रभूला स्वीकारले?" दोघांनाही आकडाच हवा असतो, एकाला दोष देण्यासाठी, दुसऱ्याला मिरवण्यासाठी. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्तीच आहेत, मग तुम्ही कशाला गेलात, हा अधिक शहाणा प्रश्न क्वचितच येतो. तुम्ही तो विचारलात, म्हणून लिहिते.

मी परिचारिका आहे, मोडकेतोडके स्पॅनिश मला येते, आणि तिथल्या लहानशा इव्हँजेलिकल (शुभवर्तमान सांगण्यावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळीच्या पाळकांनी आम्हाला बोलावले होते. एवढे उत्तर पुरेसे असावे, पण ते मलाच पुरत नाही. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत होंडुरासमधले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट जवळजवळ बरोबरीला आलेले दिसतात. अशा देशात आमच्यासारख्यांचे येणे निव्वळ सेवा म्हणून कोण पाहील?

शिबिर शाळेच्या पटांगणात होते. आधी नोंदणी, मग प्रार्थनेचा तंबू, मग तपासणी आणि शेवटी औषधे, असा क्रम पथकप्रमुखांनी ठरवला होता. प्रार्थनेची सक्ती नव्हती असे ते आजही सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. पण गोळ्यांकडे जाणारी वाटच तंबूतून जात असेल, तर नको म्हणण्याची हिंमत कोण करील? तंबूबाहेरच्या बाकावर एक वृद्ध बाई कॅथलिकांची जपमाळ हातात घेऊन बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "मुली, मी घरी प्रार्थना करून आले आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती चालणार नाही का?" त्यांच्या स्वरात राग नव्हता; रेशनच्या दुकानात कोणते कागद लागतील हे विचारावे, तसे त्यांनी विचारले. मी तिथेच रक्तदाब मोजला, तो १९० वर ११० होता. डॉक्टरांना बाकापाशी बोलावून आणले आणि तिथेच गोळ्या दिल्या. संध्याकाळच्या बैठकीत पथकप्रमुख सर्वांसमोर म्हणाले की मी त्या बाईंना शुभवर्तमानापासून वंचित ठेवले. त्या जपमाळ म्हणून आल्या होत्या, असे मी सांगितले. "ते पुरत नाही," असे उत्तर आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचे खापरपणजोबा १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या मंडळीत आले. पोटासाठी आलात की प्रभूसाठी, हे गावाने त्यांना आयुष्यभर विचारले, आणि शाळेत मलाही विचारले गेले. तेव्हा मी त्वेषाने सांगत असे, श्रद्धेसाठी. हा प्रश्न रांगेत उभ्या असलेल्यांना नव्हे, तर रांग लावणाऱ्यांना विचारायला हवा होता, हे मला त्या बाकापाशी सुचले. पण असे म्हणताना, ज्या मिशनने माझ्या आजीला लिहायला-वाचायला शिकवले त्याच्याशी मी कृतघ्न होते, हेही कळते.

दुसऱ्या दिवशी माझ्या आग्रहावरून तंबू औषधांच्या टेबलापलीकडे हलवला. तिथे फार थोडे लोक गेले. बदल चुकला हे त्यावरून सिद्ध झाले असे पथकप्रमुख म्हणतात. आदल्या दिवशी किती जण मनापासून गेले होते ते त्यावरून कळले, असे मी म्हणते. मात्र त्या थोड्यांतली एक तरुण बाई बराच वेळ रडत होती आणि जाताना हलकी झालेली दिसली. तिच्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो.

१९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर परदेशी पथकांनी होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी केला आहे. स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांपेक्षा त्या घरांचा कुटुंबांवर काही वेगळा परिणाम झाल्याचे त्यांना आढळले नाही. तो अभ्यास मी परतल्यावर वाचला. आधी वाचला असता तरी गेले असते, असे वाटते, आणि याचे समर्थन मला करता येत नाही. आम्ही दिलेल्या गोळ्या महिनाभर पुरणाऱ्या होत्या, आणि रक्तदाबाचा आजार जन्मभराचा असतो. म्हणून पुन्हा जायचे तर तिथल्या सरकारी आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेशी आधी बोलणे व्हावे आणि तंबू रांगेबाहेर राहावा, अशा दोन अटी मी मंडळीला कळवल्या आहेत. पहिली त्यांना मान्य आहे. दुसरीवर अजून चर्चा चालू आहे.