बोरघाटाने एकवीरेकडे

चैत्रात मुंबईहून कार्ल्याला पायी जायचं तर रात्री चालायचं आणि दुपारी सावली धरून आडवं व्हायचं, हा कोळीवाड्याचा साधा हिशेब. गुढीपाडवा झाला की मुंबई, ठाणे, रायगडातल्या कोळी-आगरी वस्त्यांमधून एकवीरा आईच्या पालख्या निघतात आणि चैत्र शुद्ध सप्तमीच्या यात्रेला डोंगर गाठतात. मी कोळी नाही, लालबागचा. मित्राच्या मंडळाला खांदेकरी कमी पडत होते, म्हणून गेलो. भक्ती किती होती ते विचारू नका. बोरघाट पायी चढायची हौस मात्र जुनी.

अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यातला पनवेलपर्यंतचा भाग सांगण्यासारखा नाही. सायन-पनवेल हायवे, वाशीचा पूल, डंपर, धूळ. पुढे भोंगा लावलेला टेम्पो, मध्ये पालखी, सगळ्यात मागे लाल दिवा हलवत चालणारा एक कार्यकर्ता. मंडळातलं सगळ्यात जोखमीचं काम त्याचं, आणि फोटो काढताना नेमका तोच मागे राहतो.

पनवेल सुटलं आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर उजाडलं, तेव्हा डावीकडे प्रबळगड उभा होता. पुढे चौक गावाच्या अलीकडे इर्शाळगडाचा सुळका. जुलै २०२३ मध्ये याच डोंगराच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. टेम्पोवाल्याने कुणी न सांगता भोंगा बंद केला आणि चौक मागे पडल्यावरच पुन्हा लावला.

रस्त्यालगतच्या शेतांत काळे चौकोन दिसत होते. गाडीतून जाताना मला वाटायचं, कुणीतरी कचरा पेटवलाय. तो राब. पालापाचोळा, गवत, शेण पसरून जमीन भाजायची आणि पावसाच्या तोंडावर भाताचं बी तिथेच टाकायचं. राखेचा वास अंगावर घेत चाललो. एका घरासमोर बाईंनी हंडा आणि पेला ठेवला होता. पाणी पिता पिता त्यांच्याकडूनच हे सगळं कळलं.

खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आहे, शेजारी महादेवाचं देऊळ. दुपार तिथेच काढली. माझ्या डाव्या टाचेला बोराएवढा फोड आला होता. पालखीतल्या एका मावशींनी पाय मांडीवर घेतला, सुईत पांढरा दोरा ओवला आणि सुई फोडातून आरपार काढली. दोरा आतच ठेवून दोन्हीकडची टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, कातडी मात्र जागची हलत नाही. वर खोबरेल तेल, त्यावर मोजा. "पायाकडं नको बगू," मावशी म्हणाल्या, "आयच्या डोंगराकडं बग." डोंगर तिथून दिसत नव्हता, पण त्यांना तसं कोण सांगणार?

घाटाला लागलो ते अंधार पडल्यावर. खोपोली ते खंडाळा म्हणजे साधारण पाचशे मीटरचा चढ. ही वाट माणसाच्या आणि बैलाच्या पायांनी पाडलेली. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी इथूनच देशावर चढायचा. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात इथे गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली, मग द्रुतगती मार्ग आला. दर वेळी वाट रुंद झाली आणि चालणाऱ्याची जागा तेवढी गेली. आज तर वरच्या टप्प्यात जुना रस्ता द्रुतगती मार्गातच मिसळतो. तो तुकडा आम्ही भजन थांबवून, कठड्याला खेटून, शिट्टीच्या इशाऱ्यावर एका रांगेत काढला. माझ्या मते हा या वाटेचा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि इतक्या पालख्या दरवर्षी येत असताना पायवाटेपुरती तरी सोय व्हायला हवी.

त्याआधी, जुन्या रस्त्यावर, शिंगरोबाचं देऊळ लागतं. शिंगरोबा हा धनगर. त्याने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि कामगिरीचं बक्षीस म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली, असं लोक सांगतात. ट्रकवाले न थांबता नाणं फेकतात, आम्ही पालखी खाली ठेवून नारळ फोडला. पुढच्या वळणांवर खांद्यावरच्या दांडीचं वजन बदलतं: चढाला सगळा भार मागच्यांवर, आणि उंच माणूस मागे असला तर बिचारा त्याचा खांदा सोलून निघतो. म्हणून मंडळात जोड्या उंचीप्रमाणे लावतात. मी उंच.

खंडाळ्यात उजाडलं तेव्हा नागफणीचा कडा स्वच्छ दिसला. तिच्या बाजूने कुरवंडे घाट कोकणात उतरतो. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखानाला शिवाजी महाराजांनी त्याच वाटेखालच्या उंबरखिंडीत कोंडलं. ज्यांना घाट फक्त बोगद्यांतून माहीत आहे त्यांना हा सापळा कळणं अवघड. पायी चढून आलेल्याचे गुडघे समजावून सांगतात.

लोणावळा, वलवण, कार्ला फाटा, वेहेरगाव आणि मग पायऱ्या. "एकवीरा आईचा उदो उदो!" गर्दीत पालखीच आम्हाला ओढत होती. दर्शन क्षणभराचं.

आईच्या देवळाला लागूनच कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांतलं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन. तिकीट काढून आत गेलो. सदतीस खांब, वर सागवानी कमानी, त्यातल्या कित्येक मूळच्या, दोन हजार वर्षांच्या. खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं आहेत, धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांचीही. व्यापाराच्या वाटेवरून जाता-येता कुणी एकेक खांब दिला आणि नाव कोरून घेतलं.

मावशी बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या. त्यांना हे सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "मंग? नाव नाय घातलं तं आयला कसं कळंल, कोनी दिलं?" असं म्हणून त्यांनी कनवटीची देणगीची पावती काढली आणि नाव बरोबर लिहिलंय का ते माझ्याकडून वाचून घेतलं. आडनावात चूक होती. ती दुरुस्त करून घ्यायला आम्ही परत रांगेत गेलो, तोवर खाली वेहेरगावात मंडळाच्या मटणाची पहिली पंगत उठली होती.