वीस डॉलरांची मतदार यादी

अमेरिकेतील निवडणूक प्रचाराचा अभ्यास करण्यासाठी मी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गला आले, तेव्हा आपण पैसा आणि दूरचित्रवाणीवरील जाहिराती यांवरच लिहू, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात २०२४च्या ऑक्टोबरमध्ये एका स्वयंसेविकेबरोबर निरीक्षक म्हणून दारोदार फिरताना तिच्या फोनवर जे दिसले, त्याने मी अस्वस्थ झाले. प्रत्येक पत्त्यापुढे मतदाराचे नाव, वय, त्याने कोणत्या पक्षाच्या नावाने नोंदणी केली आहे आणि मागच्या कोणकोणत्या निवडणुकांत मतदान केले, हे सारे लिहिलेले होते. मत कोणाला दिले, तेवढेच गुप्त.

ही माहिती कोणी चोरलेली नव्हती. पेनसिल्व्हेनियाचे राज्य सरकार जन्मतारखा आणि मतदानाच्या इतिहासासह संपूर्ण मतदार यादी २० डॉलरांना देते. व्यापारासाठी मात्र ती वापरता येत नाही. पक्षाची नोंद ठेवण्याचे कारण असे, की पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक, म्हणजे प्रायमरी, सरकारी यंत्रणाच घेते आणि तीत त्या त्या पक्षाच्या नावाने नोंदलेल्यांनाच मत देता येते. २०१६च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत या राज्याचा कौल जेमतेम ४४ हजार मतांनी ठरला होता, त्यामुळे प्रचारकांना एकेक दार मोलाचे वाटते, हेही मला समजते. तरीही माणसाचा राजकीय कल सरकारी दप्तरात लिहिला जावा, हे मला पटत नाही. सांगलीला आमच्या गल्लीत कोण कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असते आणि बूथवरचे कार्यकर्ते दुपारी यादीवर खुणा करून राहिलेल्यांना बोलावणे धाडतात, हे मी नाकारत नाही. परंतु गल्लीला ठाऊक असणे वेगळे आणि सरकारने ते पैसे घेऊन देणे वेगळे.

मतदानाच्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, मतदान केंद्रापासून अवघ्या १० फुटांवर प्रचारक पत्रके वाटत होते. आपल्याकडची १०० मीटरची हद्द आणि त्याआधीचे ४८ तासांचे मौन आठवून मला आपल्या निवडणूक आयोगाचा अभिमान वाटला. येथे तर केंद्राचा प्रमुखही त्याच वस्तीतून चार वर्षांसाठी निवडून आलेला नागरिक असतो; त्या पदाला ‘जज ऑफ इलेक्शन्स’ म्हणतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी आदल्या दिवशी यंत्रे घेऊन परक्या गावात उतरतात, कारण आपण निःपक्षपातीपणा परकेपणात शोधतो. मी पाहिलेल्या केंद्रावरच्या वयस्कर बाई मात्र येणाऱ्या बहुतेकांना नावाने ओळखत होत्या, आणि त्यांच्यावर कोणीही संशय घेतला नाही. हा विश्वास मला हेवा वाटावा इतका मोठा वाटला.

पंधरा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेसाठी मतदान झाले. परदेशातून मत देण्याची सोय माझ्यासारख्यांना नाही, केंद्रावर स्वतःच जावे लागते, आणि सत्राच्या मध्यावर तिकिटाचा खर्च मला झेपणारा नव्हता. आईने त्या संध्याकाळी शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र पाठवले. त्या स्वयंसेविकेच्या फोनवर काही नावांपुढे मागच्या निवडणुकीची जागा रिकामी होती आणि त्या माणसांविषयी मी मनात काय ठरवून टाकले होते, ते मला तेव्हा आठवले.